आसामची पाहुणी

"आपल्याकडं ठिवू तिला," असं आबा म्हणाले तेव्हा मी हातातला डबा तसाच धरून त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. विश्रामबागेतल्या आमच्या वसतिगृहाच्या फाटकाशी आम्ही दोघं उभे होतो. पंधरा दिवसांतून एकदा आबा कऱ्हाडहून एसटीनं सांगलीला येत, शेंगदाण्याची चटणी आणि दशम्यांचा डबा देत, आणि पाचेक मिनिटं न बोलता उभं राहून परत जात. त्या दिवशी बोलायला काहीतरी हवं म्हणून मी त्यांना इतिहासाच्या बाईंनी लावलेली सूचना सांगितली. ईशान्येकडच्या डोंगरी राज्यांतले चार विद्यार्थी येणार होते, तीन आठवडे इथल्या घरांत राहणार होते, आणि पुढच्या हिवाळ्यात आपल्यातले चौघं त्यांच्या घरी जाणार होते. तिघांची सोय झाली होती. चौथी मुलगी नागालँडची, तिच्यासाठी बाई घर शोधत होत्या. नागालँड हा शब्द तोंडातून गेला आणि मी जीभ चावली. आमच्या घरात तो शब्द कुणी उच्चारत नसे.

बापूकाका, माझा धाकटा चुलता, तिथंच गेला होता. तो आणि आबा एकाच पलटणीत होते. काका गेला तेव्हा मी बारा वर्षांची होते. तार आली, त्यात तो गेला एवढंच होतं, मग महिन्याभरानं आबा त्याची ट्रंक घेऊन आले. अंत्यसंस्कार तिकडंच झाले होते, घरी आली ती ट्रंक आणि आबा. गावानं वेशीत दगड उभा केला, त्यावर काकाचं नाव आणि खाली 'शत्रूशी लढताना' असं कोरलं. नागा लोकांनी मारलं, एवढं आम्हा पोरांना कळलं होतं. कुणी सांगितलं ते आठवत नाही. दारातल्या चिंचेबद्दल जसं कुणी सांगत नाही, ती असतेच, तसं ते होतं. काकू त्या वेळी चोवीस वर्षांची असेल. लग्नाला चार वर्षं झालेली, मूल नाही. माहेरची माणसं न्यायला आली होती, ती गेली नाही.

म्हणून आबांच्या त्या वाक्यानं मी हादरले. मी म्हटलं, "आबा, काकूला कळलं तर?"

"आसामची हाय म्हणून सांग घरात," आबा म्हणाले. "सगळे तिकडल्याला आसामच म्हणत्यात." आणि माझ्याकडं न बघता ते आत गेले, बाईंना भेटले, आणि फॉर्मवर सही करून आले. सुभेदाराची सही, खाली दोन रेघा ओढलेली. आबा खोटं बोलायला सांगतायत हा मला बसलेला दुसरा धक्का. शाळेत एकदा मी आजारी असल्याचं खोटं सांगून घरी राहिले होते तेव्हा याच माणसानं मला अख्खा दिवस उन्हात उसाच्या बांधावर उभं केलं होतं.

आमचं गाव कऱ्हाडजवळच्या मलकापूरच्या पुढं, रस्त्यापासून आत. घर मोठं नव्हतं, पण माणसांचा आवाज भरपूर होता. सकाळी आईच्या भाकरी थापण्याचा आवाज, मग कारखान्याचा भोंगा, मग आबांचा रेडिओ, आणि या सगळ्यावर काकूचं बोलणं. काकू सतत बोलायची. म्हशीशी, चुलीशी, कोंबड्यांशी, आमच्याशी. फक्त आबांशी बोलायची नाही. थोरला दीर समोर आला की पदर कपाळापर्यंत ओढून ती भिंतीकडं सरकायची. काही सांगायचं असलं तर आईला सांगायची, आई आबांना सांगायची. आबा दोन हातांवर बसलेले असले तरी. पलटणीतून आबा कायमचे घरी आल्यापासून हे असंच चाललेलं होतं, आणि आम्हाला त्यात वावगं काही वाटत नव्हतं.

ती पाहुणी, आरेनला तिचं नाव, आली ती जानेवारीतल्या एका सकाळी, लाल स्वेटर घालून, पाठीवर तिच्याएवढीच पिशवी घेऊन. माझ्याच वयाची, एकोणीसची. बाईंनी मलाही त्या तीन आठवड्यांची रजा दिली होती. हिंदी मोडकी, माझं इंग्रजी त्याहून मोडकं. आई तिला बघून माझ्या कानात म्हणाली, "लय ल्हान दिसती गं. खाती का न्हाई काय?" ती खायची. भाकरी तिला तोडता यायची नाही, पण पिठलं, ठेचा, कांदा असं काहीही चालायचं. ठेच्याची तिनं अशी बोटं चाटली की आई कौतुकानं शेजारणीला बोलवायला गेली. दुसऱ्या दिवशी तिनं पिशवीतून एक बाटली काढली. आत आंबवलेले बांबूचे कोंब होते. झाकण उघडलं आणि आई पदर नाकाला लावून थेट परड्यात गेली. काकूनं मात्र बाटलीत डोकावून वास घेतला, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, "सुकटीत घालून बगू." त्या दुपारी आमच्या चुलीवर बांबूचे कोंब घातलेली सुकट शिजली. काकूनं पहिला घास खाल्ला. "अंबाडीच्या भाजीवानी लागतंय," तिनं निकाल दिला, आणि त्या घटकेपासून पाहुणी तिची झाली.

पुढचे दहा-बारा दिवस त्या दोघी एकमेकींना सोडत नव्हत्या. एकीला मराठीशिवाय येत नव्हतं, दुसरीला मराठी येत नव्हतं, तरी परड्यातून दोघींच्या हसण्याचा आवाज यायचा. आरेनला पाटीत गवत असं भरायची की काकू बघत राहायची. तिच्या गावी टोपलीचा पट्टा कपाळाला लावून ओझं पाठीवर नेतात, ते तिनं करून दाखवलं. काकूनं तिची वेणी घातली. तिचे केस सरळ आणि गुळगुळीत, वेणी सुटून जायची, काकू पुन्हा घालायची. एकदा काकू मला म्हणाली, "आसामातली मानसं आपल्यावानीच हायती की गं." मी मान हलवली आणि तिथून उठले. आज इतक्या वर्षांनी लिहितानाही ते उठून जाणं मला आठवतं. आबा त्या दिवसांत फार बोलत नसत. आरेनला जेवायला बसली की तिच्याकडं बघत राहत आणि आपल्या ताटातलं तसंच ठेवून उठत. मला वाटायचं, भावाची आठवण होत असेल.

आमच्या गुऱ्हाळावर तो दिवस उगवला. उन्हं वर आली होती. काहिलीत रस उकळत होता, मळीचा फेस बाजूला काढत होते, सगळा परिसर गोड वाफेनं भरला होता. काकू उसाच्या कांडीवर गरम गूळ घेऊन आरेनलाला फुंकर मारून खायला शिकवत होती. गावच्या शाळेचे गुरुजी काकवी न्यायला आले होते. त्यांना इंग्रजी बोलायची हौस. त्यांनी विचारलं, ती आसामात कुठल्या गावची. आरेनलाला ते ऐकून हसू आलं. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. मला तिला सांगायची लाज वाटली होती. ती ताठ उभी राहिली आणि शाळेत नाव सांगतात तशी मोठ्यानं म्हणाली, "आसाम नहीं सर, मैं नागालँड से हूँ. नागा हूँ."

काकूच्या हातातली कांडी खाली पडली. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली, आणि तिला कळलं की मला माहीत होतं. ती वळली आणि घराकडं चालू लागली, मग पळू लागली. काकूला पळताना मी कधी बघितलं नव्हतं. आम्ही दोघी मागं गेलो. पोचलो तेव्हा आरेनलाची पिशवी अंगणात पडली होती, लाल स्वेटर चिखलात, आणि काकू दारात उभी राहून तिच्या वह्या एक एक करून बाहेर फेकत होती. "माज्या हातचं खाल्लं हिनं," ती ओरडत होती. "हिच्या मानसांनी माजा नवरा मारला, आन् मी हिची येणी घातली!" गल्लीतली माणसं जमली. आरेनलाला शब्द कळत नव्हते. ती माझा दंड धरून विचारत होती, मी काय केलं, मी काय केलं. मी तिला कसंबसं सांगितलं. ती वाकून वह्या गोळा करू लागली.

आई काकूला आवरत होती तेव्हा आबा शेतातून आले. ते अंगणाच्या मधोमध येऊन थांबले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. आबांना उघड्या डोक्यानं मी फक्त आंघोळीच्या वेळी बघितलं होतं.

"शालन," ते म्हणाले. त्यांनी काकूला नावानं हाक मारलेली मी पहिल्यांदा ऐकली. "त्यांनी न्हाई मारलं त्याला."

काकू थांबली.

"नदीनं न्हेला. पूल वाहून गेला व्हता, दोर बांधून पलीकडं जायचं व्हतं. पाय घसरला त्याचा. मी काठावर व्हतो." आबांचा आवाज कवायतीतल्यासारखा सपाट होता. "तीन दिस घावला न्हाई. तिथल्या गावची मानसं आपणहून उतरली पाण्यात. त्यांनीच हुडकला. बांबूची डोली करून डोंगर चढून खांद्यावर आनला. आमी जाळला तवा ती मानसं उभी व्हती."

परड्यात म्हैस ओरडली तेवढाच आवाज. सात वर्षं मी त्या दगडापुढून जाताना हात जोडत होते. काकू पायरी उतरून खाली आली. पदर डोक्यावरून घसरला होता, तिनं तो सावरला नाही. आबांच्या समोर, हातभर अंतरावर येऊन ती उभी राहिली आणि त्यांच्या डोळ्यांत बघून बोलली. असं तिनं कधीच केलं नव्हतं.

"सात वर्सं? मग का न्हाई सांगिटलं तुमी?"

"मी येष्टीतनं उतरलो तवा गाव गोळा झालं व्हतं," आबा म्हणाले. "घोषणा चालल्या व्हत्या. आमची म्हातारी तवा जित्ती व्हती, तिनं इचारलं, कुनी मारलं रं माज्या लेकराला? मी तोंड उगडायच्या आत धा जनांनी सांगिटलं. मग दगूड बसला. मग... मला न्हाई जमलं. पुरगी यायची हाय कळल्यावर वाटलं, निदान तिला एकदा घरात जेवाय घालावं."

काकूनं चिखलातला स्वेटर उचलला, झटकला, पिशवी उचलली, आणि आरेनलाच्या हाताला धरून तिला आत घेऊन गेली. दार लावलं नाही. आतून तिच्या रडण्याचा आवाज आला. आरेनलाही रडत होती. तिनं मला नंतर सांगितलं की तिचा मामा बंदूक घेऊन जंगलात गेला होता आणि परत आला नव्हता, आणि तिची आई अजून त्याच्या वाटणीचा भात काढून ठेवते. हे ती काकूला सांगू बघत होती आणि तिला शब्द मिळत नव्हते.

त्या दिवसापासून काकूनं आबांना निरोप पाठवणंही बंद केलं. आधी आईच्या तोंडून का होईना बोलत होती, आता तेही नाही. त्यांचं ताट वाढायची, पाणी ठेवायची, आणि निघून जायची. मी मात्र दोघांवर चिडले होते, आणि माझ्या स्वतःवरही.

गावात मात्र अर्धवटच पोचलं होतं. सुभेदाराच्या घरी नागा पोरगी आहे, एवढंच सगळ्यांना कळलं. नदीचं जे अंगणात होते त्यांनी ऐकलं, पण ते कुणाला रुचलं नाही. सुभेदार पाहुणीला वाचवायला काहीतरी सांगतोय, असं बोलू लागले. सव्वीस जानेवारी दोन दिवसांवर होती. दर वर्षी शाळेत झेंडावंदनाला काकूला खुर्चीवर बसवून नारळ आणि शाल देत. गुरुजी घरी आले, उंबऱ्याबाहेरच उभे राहिले आणि आबांना म्हणाले, "पाहुणीला उद्याच सांगलीला सोडा. पोरं तापल्याती. कार्यक्रमात काय झालं तर मला जड जाईल." आतून काकूचा आवाज आला, "गुरुजी, ती येनार हाय. माज्या शेजारी खुर्ची मांडा."

तिनं खरंच तिला शेजारी बसवलं. मैदानात सगळं गाव होतं. झेंडा वर गेला, राष्ट्रगीत झालं, आरेनलाला ते पाठ होतं आणि ती आमच्यापेक्षा सुरात म्हणाली. पुढच्या रांगेतल्या काहींनी मान वळवली. मग काकूचं नाव पुकारलं. तिनं नारळ घेतला, शाल घेतली, आणि खाली यायच्या ऐवजी माईकसमोर जाऊन उभी राहिली. गुरुजी पुढं झाले तसा तिनं हात केला. तिला माईकशी बोलायची सवय नव्हती. पहिलं वाक्य कुणालाच ऐकू आलं नाही. मग तिनं तोंड जवळ नेलं.

"माजा नवरा पाण्यात बुडून गेला," ती म्हणाली. "त्याला कुनी मारलं न्हाई. डूटीवर गेला, देसासाठीच गेला, पन मारला न्हाई. ह्या पोरीच्या मुलकातल्या मानसांनी तीन दिस पाण्यात उतरून हुडकला. त्यांच्या घरातला कुनी नव्हता त्यो. वळख न्हाई, पाळख न्हाई. आपून सात वर्सं त्यास्नी शिव्या दिल्या. मी बी दिल्या. रोज दिवा लावताना दिल्या." तिचा श्वास माईकमधून ऐकू येत होता. "आता मी थांबले. तुमी काय करायचं ते करा."

ती खाली उतरली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. आबा मेडल लावून मागं उभे होते, ते खाली बघत होते. मला वाटत होतं आता कुणीतरी ओरडणार. पण उठली ती आमच्या शेजारची म्हातारी, गजराची आई, जिचा लेक तेव्हा सरहद्दीवर होता. काठी टेकत ती आरेनलाजवळ आली, तिची हनुवटी धरली आणि मला म्हणाली, "इचार हिला. तीन दिस पान्यात उतरली ती कोन कोन व्हती?"

आरेनलाला माहीत नव्हतं. त्या वेळी ती बारा वर्षांची होती, आणि आबांनी तिला सांगितलेलं ते गाव तिच्या गावापासून एका दिवसाच्या चालीवर. ती म्हणाली, मी विचारून कळवीन.

या जागी मला आजचं थोडं लिहायचं आहे. पुढच्या हिवाळ्यात मी तिच्या घरी गेले, आणि नंतर विश्रामबागेत राहायला आल्यावर अशा येणाऱ्या मुलांसाठी सातारा-सांगलीकडं घरं शोधायचं काम मी आयुष्यभर केलं. मेढ्याच्या डोंगरातली घरं, जतकडच्या धनगरांची घरं, इथले बंगले. त्या येण्याजाण्यातले आम्ही सगळे आता म्हातारे झालोय, आमचा फोनवर एक गट आहे, त्यात सकाळी फुलांची चित्रं येतात. पण मध्ये एकदा मोठ्या शहरांत तिकडच्या लोकांवर हल्ले होणार अशी अफवा उठली आणि तिकडची पोरं बोचकी घेऊन स्टेशनावर पळू लागली, तेव्हा त्याच गटावर आरेनलानं नावं पाठवली आणि आम्ही घरं कळवत गेलो. दिवसभर फोन कानाला होता. त्या वेळी कुणी भाषण केलं नाही. हल्ली मला एकात्मतेवर बोलायला बोलावतात. तो शब्द ऐकला की मला माईकसमोर धापा टाकणारी काकू दिसते आणि मग मला नीट बोलता येत नाही.

आरेनलाचं पत्र उन्हाळ्यात आलं. तिचे वडील शाळामास्तर. ते सुट्टीत त्या गावी चालत गेले होते आणि घराघरांत विचारून आले होते. मी सोप्यात बसून पत्र मोठ्यानं वाचलं. काकू जात्याजवळ, आई दारात, आबा खाटेवर. अकरा नावं होती. प्रत्येक नावापुढं काहीतरी लिहिलेलं. ज्याला दगडांत हात दिसला तो. ज्यानं पहिली बुडी मारली तो. डोली करणारे दोघं, त्यातला एक गेल्या साली वारला. चौघं खांदेकरी. त्यांना वाटेत भात आणून देणाऱ्या दोघी बहिणी. आणि शेवटी एक म्हातारा, ज्यानं अंगावरची शाल काढून काकाला पांघरली. ती शाल त्यांच्यात मान मिळवलेल्या माणसालाच वापरता येते, असं आरेनलानं लिहिलं होतं, आणि ती काकाबरोबरच जळाली.

काकूनं मला ती नावं पुन्हा वाचायला लावली. मग एक एक करून म्हणून बघितलं. जीभ अडायची, ती पुन्हा म्हणायची. अकरावं नाव झाल्यावर तिनं मान वर केली आणि खाटेकडं बघितलं. चार महिन्यांत तिनं त्या बाजूला बघितलं नव्हतं.

"ह्यातलं तुमी कुनाकुनाला बगितलं व्हतं?" तिनं विचारलं.

आबा उठून बसले.

"सगळ्यास्नी," ते म्हणाले. "नाव येकाचं बी इचारलं न्हाई."